मूल सांभाळणारीचे नाव

बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यात, बीबी नावाचे गाव आहे. गावाला हे नाव कशावरून पडले, हा येथे आमचा विषय नव्हे. परंतु उर्दूत 'बीबी' म्हणजे घरंदाज स्त्री, हे बहुतेकांस ठाऊक आहे. घरच्या मालकिणीला असा मानाचा शब्द लाभला. तिचे मूल सांभाळणारीच्या वाट्याला भाषेने काय दिले, ते पाहू या.

'दाई' हा जुना शब्द. संस्कृत 'धात्री'शी, म्हणजे दूध पाजणारीशी, त्याचे नाते आहे. संभाजीराजांचा जन्म १६५७ साली पुरंदरावर झाला. त्यांना दूध पाजणाऱ्या कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांचे नाव महाराष्ट्राने आजवर जपले आहे. दुधाचे नाते जोडले की चाकरीलाही 'दूधआई' असे नाव मिळते.

'आया' मात्र समुद्रावरून आली. पाव, पाद्री यांप्रमाणे हा शब्दही पोर्तुगिजांनी आणला. त्याचे मूळ लॅटिनमधील आजीवाचक शब्दात आहे, असे भाषापंडित मानतात. योगायोग असा, की मराठीत 'आई'चे अनेकवचनही 'आया'च! मुलाला कडेवर घेणाऱ्या परक्या स्त्रीला आपण नकळत आईच म्हणत आलो.

पण नावातल्या मायेने पोट भरत नाही. इंग्रज कुटुंबांबरोबर अनेक आया विलायतेस गेल्या. जहाजांच्या याद्यांत पुष्कळदा 'अमक्या मडमेची आया' एवढीच त्यांची नोंद असे. तिकडे पोहोचल्यावर कित्येकींना परतीच्या भाड्याविना वाऱ्यावर सोडण्यात आले. अशा स्त्रियांसाठी लंडनमध्ये निवासगृह चालत असे. १९०० साली ते हॅकनी भागात आले. त्या वास्तूवर स्मृतिफलक लागला तो २०२२ साली.

बीबीसारख्या गावात आया ठेवणारे घर विरळाच. तेथे माय शेतावर जाते आणि मूल आजीच्या, थोरल्या बहिणीच्या किंवा अंगणवाडीच्या हवाली होते. 'अंगणवाडी' हा घरगुती शब्द ताराबाई मोडक यांच्या कार्यातून रूढ झाला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि गावोगाव दोन नवी नावे आली : 'सेविका' आणि 'मदतनीस'. नावे आदराची, पण सेवेला पगार कसला, म्हणून हाती पडू लागले ते 'मानधन'.

एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या स्त्रियांना उपदानाचा, म्हणजेच ग्रॅच्युइटीचा, हक्क मान्य केला. त्या कायद्यापुरते त्यांचे मानधन हे वेतनच आहे, असा निर्वाळा दिला. आमच्या मते या शब्दांच्या इतिहासातील हे महत्त्वाचे पान आहे. दाई, आया, सेविका या साऱ्या नावांत माया होती, त्याग होता. श्रम करणारी आणि श्रमाचे मोल मागू शकणारी स्त्री, हा अर्थ मात्र त्यांत नव्हता. तो भाषेने नव्हे, कायद्याने घातला. आता तो आपल्या बोलण्यातही उतरावा, एवढीच आमची अपेक्षा.