मेहकरचा शार्ङ्गधर आणि फ्लॉरेन्सचा करार

इ.स. १७३७. फ्लॉरेन्सचे मेदिची घराणे अस्तास चालले होते. घराण्यातील अखेरची स्त्री आना मारिया लुईसा हिने नव्या राज्यकर्त्यांशी करार केला: संग्रह तुमचा, पण त्यातील एकही वस्तू फ्लॉरेन्सबाहेर जाणार नाही. 'उफिझी' म्हणजे कचेऱ्या. १५६० मध्ये वासारीने आखलेली ती इमारत १७६९ मध्ये जनतेसाठी खुली झाली. बॉतिचेल्लीची व्हीनस आज तेथे दिसते, याचे मोठे श्रेय त्या एका अटीला आहे.

आता बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर. पैनगंगेच्या काठचे हे गाव अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होते. मेघंकर दैत्याला विष्णूने शार्ङ्गधर रूपाने मारले, म्हणून गावाचे नाव मेहकर, अशी दंतकथा आहे.

१८८८ साली येथे जमिनीखालून काळ्या पाषाणाची विष्णुमूर्ती निघाली. उंची दहा फुटांहून अधिक, बाजूला श्रीदेवी-भूदेवी, प्रभावळीत दशावतार. ती पुरली कोणी? आक्रमणाच्या भीतीने कोणा भाविकाने, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

खरा प्रश्न पुढचा होता: मूर्ती कोणाची? १८५३ च्या तहापासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती होता, नाममात्र स्वामित्व मात्र निजामाचे. मेहकरात सांगतात की इंग्रज अधिकाऱ्यांना मूर्ती लंडनला न्यायची होती. ते हुकूम येण्यापूर्वीच गावकऱ्यांनी घाईने तिची प्राणप्रतिष्ठा उरकली. मूर्तीसोबत निघालेले ताम्रपट मात्र गेले ते गेलेच, असेही सांगतात.

ही लोककथा आहे, हे खरे. पण तिच्यातील भीती पोकळ नव्हती. आंध्रातील अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे १८५९ मध्येच लंडनला पोहोचली होती आणि १८८० पासून ब्रिटिश म्युझियममध्ये होती. गावकऱ्यांची युक्तीही मार्मिक: सापडलेला दगड हा पुराणवस्तू ठरतो, पूजेतला देव उचलणे कोणत्याही सरकारला जड जाते. मेदिची राजकन्येने कागदावर साधले, ते मेहकरने मंत्रांनी साधले. (कागदही अभेद्य नव्हताच; प्रसिद्ध 'मेदिची व्हीनस' नेपोलियनच्या काळात पॅरिसला गेली आणि त्याच्या पाडावानंतरच परतली.)

या रक्षणाची किंमत दोन्हीकडे वेगवेगळी पडली. उफिझीत जत्तोची 'ओन्यिसान्ती मॅडोना' आहे, साधारण १३१० ची. हे चित्र त्याच नावाच्या चर्चमधील वेदीसाठी रंगवलेले. आज त्यावर प्रकाश नेमका पडतो, रंगाचा कण न् कण न्याहाळता येतो. पण त्यापुढे गुडघे टेकणारा कोणी नसतो. चित्राची वेदी सुटली.

मेहकरात उलट. शार्ङ्गधराची वेदी आहे, आरती आहे, नैवेद्य आहे. पण वस्त्रे-अलंकार चढले की शिल्प जवळजवळ झाकले जाते. प्रभावळीतील बारीक कोरीवकाम पाहू इच्छिणाऱ्याने अभिषेकाची वेळ साधावी. तेव्हा काळा पाषाण ओला होतो आणि मत्स्य-कूर्मापासूनचे अवतार उजळून दिसतात. अभ्यासकाला याहून अधिक सवलत मिळावी, ही अपेक्षा रास्त आहे. मात्र ती देवस्थानाकडे विनंती म्हणूनच मांडता येते.

मेहकरला जाणाऱ्याने गावातील पडझड झालेली हेमाडपंती धर्मशाळाही पाहावी. तिला ना करार लाभला, ना प्राणप्रतिष्ठा.