सुप्रीम कमांडर खेळातील मंदगती व क्रॅश

सुप्रीम कमांडर हा गॅस पावर्ड गेम्स या अमेरिकी कंपनीने विकसित केलेला आणि टीएचक्यू या कंपनीने फेब्रुवारी २००७ मध्ये प्रकाशित केलेला रिअल-टाइम स्ट्रॅटेजी प्रकारचा संगणकीय खेळ आहे. त्याचे मुख्य रचनाकार ख्रिस टेलर होत. 'फोर्ज्ड अलायन्स' ही त्याची स्वतंत्रपणे खेळता येणारी पुढील आवृत्ती नोव्हेंबर २००७ मध्ये आली. अवाढव्य नकाशे व हजारो युनिटे यांसाठी हा खेळ नावाजला गेला. त्याच कारणांमुळे डाव रंगात आल्यावर तो मंदावणे आणि अखेरीस बंद पडणे यांसाठीही तो ओळखला जातो. या दोन तक्रारी वरवर सारख्या वाटल्या तरी त्यांची मुळे वेगळी आहेत. मंदगतीचे मूळ बहुधा प्रोसेसरवरील गणनेच्या भारात असते, तर दीर्घ डावातील क्रॅशचे मूळ बहुधा स्मृतीच्या मर्यादेत असते. ग्राफिक्स कार्ड, ज्यावर पहिला संशय घेतला जातो, ते अनेकदा निर्दोष असते.

पार्श्वभूमी

ख्रिस टेलर यांच्याच 'टोटल अ‍ॅनिहिलेशन' (१९९७) या खेळाची कल्पना सुप्रीम कमांडरमध्ये अधिक विस्तारली गेली. सर्वांत मोठा नकाशा ८१ किलोमीटर लांब व तितकाच रुंद आहे. माउसचे चाक फिरवून एका रणगाड्यापासून संपूर्ण रणभूमीपर्यंत दृष्टी नेता येते. पुरेसे दूर गेल्यावर युनिटांच्या आकृत्यांऐवजी केवळ चिन्हे दिसू लागतात. प्रत्येक खेळाडूच्या युनिटांची कमाल संख्या डाव सुरू होण्यापूर्वी ठरवली जाते. ५०० ही नेहमीची मर्यादा असून मूळ खेळात ती १००० पर्यंत वाढवता येते. म्हणजे आठ खेळाडूंच्या डावात तत्त्वतः ८००० युनिटे एकाच वेळी असू शकतात.

युनिटांची संख्या हा मात्र भाराचा एकच भाग होय. या खेळात तोफगोळा हा केवळ दृश्य परिणाम नसतो. प्रत्येक गोळ्याचा मार्ग मोजला जातो आणि वाटेत टेकडी किंवा दुसरे युनिट आल्यास तो त्यावरच आदळतो. रडार व दृष्टीची क्षेत्रे, ढाली, पडलेले अवशेष, जंगलातील एकेक झाड या साऱ्यांची नोंद खेळ ठेवतो. डाव जितका रंगतो तितकी ही नोंदवही फुगत जाते. पहिल्या दहा मिनिटांत सुरळीत चालणारा खेळ तासाभराने का रखडतो, याचे उत्तर येथे मिळते.

मंदगतीची कारणे

खेळाच्या जगाची गणना, म्हणजे सिम्युलेशन, सेकंदाला दहा ठोक्यांच्या नेमाने चालते. प्रत्येक ठोक्यात सर्व युनिटांची हालचाल, नेमबाजी, बांधकाम व साधनसंपत्तीचा हिशेब पूर्ण व्हावा लागतो. त्यासाठी एक दशांश सेकंद उपलब्ध असतो. गणना त्याहून लांबली तर खेळ ठोका गाळत नाही, तो पुढचा ठोका उशिरा देतो. परिणामी खेळातील काळच संथ होतो. पडद्यावर चित्र रेखाटण्याचे काम स्वतंत्र धाग्यावर चालत असल्याने कॅमेरा मात्र सहज फिरत राहतो. कॅमेरा गुळगुळीत आणि रणगाडे चिखलातून चालल्यासारखे, हे सिम्युलेशनच्या मंदगतीचे ठळक लक्षण आहे. याउलट कॅमेरा फिरवतानाच चित्र झटके देत असेल, तर दोष चित्रणाच्या बाजूला शोधावा लागतो.

हा खेळ आला तेव्हा दोन गाभ्यांचे प्रोसेसर घरोघरी पोहोचू लागले होते आणि त्यांचा उपयोग करणाऱ्या आरंभीच्या खेळांत त्याची गणना होते. तथापि सिम्युलेशनचा मुख्य भाग एकाच धाग्यावर, म्हणजे एका वेळी एकाच गाभ्यावर चालतो. त्यामुळे चार किंवा आठ गाभे असलेला प्रोसेसर घेतल्याने गती त्या प्रमाणात वाढत नाही. एका गाभ्याचा वेग किती, हेच निर्णायक ठरते. अनेक गाभ्यांचा पण प्रत्येकी संथ असा नवा लॅपटॉप या खेळात जुन्या, वेगवान डेस्कटॉपच्या मागे पडू शकतो.

संगणकीय प्रतिस्पर्धी हे आणखी एक मोठे ओझे आहे. त्यांचे निर्णय लुआ या भाषेतील स्क्रिप्टांमधून घेतले जातात आणि त्या सिम्युलेशनचाच भाग म्हणून चालतात. त्यात मार्गशोधनाची भर पडते. शंभर रणगाड्यांना अरुंद खिंडीपलीकडे जाण्याचा हुकूम दिला की प्रत्येकाची वाट शोधावी लागते; ते एकमेकांना अडू लागले की वाट पुन्हा शोधावी लागते. या खेळातील खिंडीतली कोंडी डोळ्यांना जितकी हास्यास्पद दिसते, तितकीच ती प्रोसेसरला महाग पडते.

अनेक खेळाडूंच्या डावातील परिणाम

एकट्याने खेळताना मंदगती ही खासगी गैरसोय असते. जोडलेल्या डावात ती सर्वांची होते. हजारो युनिटांची स्थिती दर क्षणी इंटरनेटवरून पाठवणे व्यवहार्य नसल्यामुळे या खेळात 'लॉकस्टेप' पद्धत वापरली जाते. प्रत्येक खेळाडूचा संगणक संपूर्ण युद्धाची गणना स्वतः करतो, आणि संगणकांमध्ये केवळ खेळाडूंनी दिलेल्या आज्ञांची देवाणघेवाण होते. सर्व संगणकांनी समान आज्ञांवरून समान निकाल काढावा, अशी अपेक्षा असते. हीच पद्धत 'एज ऑफ एम्पायर्स' (१९९७) या खेळात वापरली गेली होती, सेकंदाला २८.८ किलोबिट वेगाच्या मोडेमवर मोठी सैन्ये खेळवणे तिच्यामुळेच शक्य झाले.

या काटकसरीची किंमत अशी की एकही संगणक मागे पडला तर इतरांना त्याच्यासाठी थांबावे लागते. आठ जणांच्या डावाची गती ही त्यांतील सर्वांत दुबळ्या प्रोसेसरची गती असते. संगणकीय प्रतिस्पर्ध्याचा विचारही प्रत्येक यंत्रावर नव्याने होतो, त्यामुळे तो यजमानाच्या संगणकावर ढकलून सुटका होत नाही. मूळ कंपनीने लक्ष काढून घेतल्यानंतर 'फोर्ज्ड अलायन्स फॉरेव्हर' या स्वयंसेवकांच्या प्रकल्पाने हा खेळ जिवंत ठेवला. तेथे डाव जुळवताना प्रत्येकाच्या प्रोसेसरची चाचणी घेऊन तिचा आकडा सर्वांना दाखवला जातो. त्यामुळे मोठ्या नकाशावरील डाव रखडण्याचे प्रमाण आटोक्यात ठेवता येते. पण ज्याच्याकडे जुना संगणक आहे अशा खेळाडूला, त्याचे कौशल्य कितीही असले तरी, दारातूनच परत पाठवण्याचा मार्गही त्यातून खुला होतो.

सर्व संगणकांचे निकाल जुळतात की नाही, हे खेळ ठरावीक अंतराने तपासतो. ते न जुळल्यास 'डीसिंक' झाल्याची सूचना मिळते. हा क्रॅश नव्हे, परंतु त्यानंतर प्रत्येक खेळाडू प्रत्यक्षात वेगळेच युद्ध पाहत असतो. खेळाच्या किंवा मोडच्या निरनिराळ्या आवृत्त्या आणि सदोष रॅम ही त्याची संभाव्य कारणे आहेत.

निदान

दोष सिम्युलेशनचा की चित्रणाचा, हे ठरवण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे मनगटावरचे घड्याळ. खेळातील घड्याळ ठोक्यांवर चालते. खेळातील एक मिनिट पुरे होण्यास प्रत्यक्षात दोन मिनिटे लागत असतील, तर सिम्युलेशन निम्म्या गतीने चालले आहे. दुसरी चाचणी दृष्टी दूर नेण्याची. सर्व युनिटे चिन्हांत बदलल्यावर खेळ सुधारला तर भार ग्राफिक्स कार्डावर आहे; काहीच फरक पडला नाही तर प्रोसेसरवर.

जोडलेल्या डावानंतर खरा दोषी कोण, हे रिप्ले फाइलवरून कळू शकते. या फाइलमध्ये चलचित्र नसते, केवळ आज्ञांची नोंद असते, आणि ती पाहताना संगणक तेच युद्ध पुन्हा मोजतो. एखाद्याच्या संगणकावर रिप्लेसुद्धा त्याच जागी रखडत असेल, तर त्याचे यंत्रच अपुरे आहे. रिप्ले सुरळीत चालत असेल, तर प्रत्यक्ष डावात दुसऱ्या कोणाचा संगणक किंवा इंटरनेट जोडणी कमी पडली असावी. आरोप करण्यापूर्वी ही तपासणी करणे इष्ट, कारण डाव रखडला की बोट बहुधा यजमानाकडे जाते.

क्रॅश आणि स्मृतीची मर्यादा

सुप्रीम कमांडर हा ३२ बिटांचा प्रोग्राम आहे. अशा प्रोग्रामला विंडोज सामान्यतः २ जीबी इतकाच पत्त्यांचा अवकाश देते. संगणकात रॅम ४ जीबी असो वा १६ जीबी, प्रोग्रामला त्यापलीकडचे पत्ते वापरता येत नाहीत. मोठा नकाशा, अनेक खेळाडू व उच्च दर्जाची चित्रे एकत्र आली की डावाच्या उत्तरार्धात ही सीमा गाठली जाते. नवी जागा मागणारी पुढची विनंती फसते आणि खेळ कोसळतो. स्मृती वापरून-सोडून तिचे तुकडे पडलेले असतात. त्यामुळे एकूण जागा शिल्लक असूनही सलग मोठा तुकडा न मिळाल्याने क्रॅश सीमेच्या अलीकडेही होऊ शकतो. २००७ मध्ये ३२ बिटांच्या मर्यादेची चर्चा खेळाडूंमध्ये सुरू झाली तेव्हा हा खेळ तिचे ठळक उदाहरण ठरला.

त्याच वर्षी आलेल्या विंडोज व्हिस्टामध्ये अडचण वाढली होती. ग्राफिक्स स्मृतीच्या हाताळणीसाठीही प्रोग्रामच्याच पत्त्यांतील जागा खर्ची पडत असे, त्यामुळे एक्सपीवर तग धरणारा डाव व्हिस्टावर कोसळे. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्येच त्यावर दुरुस्ती दिली.

प्रोग्रामच्या फाइलमध्ये मोठे पत्ते हाताळण्याची तयारी दर्शवणारी एक खूण असते. ती बदलल्यास ६४ बिटांच्या विंडोजवर ३२ बिटांच्या प्रोग्रामला ४ जीबीपर्यंत जागा मिळते. ३२ बिटांच्या विंडोजवर हाच लाभ घेण्यासाठी प्रणालीच्या सुरुवातीच्या मांडणीत ३ जीबीचा पर्याय द्यावा लागतो. मात्र त्यामुळे प्रणालीचा व ड्रायव्हरांचा वाटा घटतो आणि संगणकच अस्थिर होण्याचा धोका असतो.

सर्वच क्रॅश स्मृतीचे नसतात. खेळ सुरूच होत नसेल तर 'गेम डॉट प्रेफ्स' ही आवडीनिवडींची फाइल बिघडलेली असू शकते. ती अन्यत्र हलवल्यास खेळ नवी फाइल तयार करतो, परंतु जुनी रूपरेखा व सेटिंग नाहीशी होतात. म्हणून फाइल पुसून टाकण्यापेक्षा तिची प्रत ठेवणे बरे. दुसऱ्या प्रोग्रामवर जाऊन परत येताना होणारे क्रॅश डायरेक्टएक्स ९ च्या पूर्ण-पडदा पद्धतीशी निगडित असतात, कारण त्या वेळी ग्राफिक्स कार्डावरील ताबा सुटतो आणि खेळाला सर्व चित्रसामग्री पुन्हा चढवावी लागते. मोडमुळे क्रॅश होत असल्याचा संशय असल्यास सर्व मोड बंद करून नंतर निम्मे-निम्मे सुरू करत गेल्यास दोषी मोड थोड्याच फेऱ्यांत सापडतो. खेळ लॉग फाइल लिहीत असेल तर क्रॅशपूर्वीच्या शेवटच्या ओळी प्रथम वाचाव्यात.

उपाय

सिम्युलेशन मंद असेल तर सावल्या बंद करून किंवा चित्रांचा दर्जा उतरवून फारसे काही साधत नाही. युनिटांची कमाल मर्यादा कमी करणे हा सर्वांत परिणामकारक उपाय होय. त्यापाठोपाठ लहान नकाशा आणि कमी संगणकीय प्रतिस्पर्धी. लॅपटॉप वीजबचतीच्या स्थितीत असल्यास किंवा धुळीमुळे तापत असल्यास प्रोसेसर स्वतःहून गती उतरवतो, याकडे दुर्लक्ष होते. खेळ सुरू असताना टास्क मॅनेजरमधून प्रोसेसरचा पहिला गाभा काढून पुन्हा जोडण्याची युक्ती खेळाडूंमध्ये प्रसिद्ध आहे. तिचा हेतू धाग्यांची गाभ्यांवर नव्याने वाटणी व्हावी हा असला, तरी तिचा गुण प्रत्येक यंत्रावर सारखा येत नाही.

क्रॅशच्या बाबतीत चित्रांचा दर्जा उतरवणे मात्र उपयोगी पडते, कारण त्याने स्मृती वाचते. एकट्याने खेळताना डाव जतन करून, खेळ पूर्णपणे बंद करून पुन्हा उघडल्यास तुकडे पडलेली स्मृती मोकळी होते आणि डाव काही काळ पुढे चालतो. एकाच नावावर पुनःपुन्हा जतन न करता दोन-तीन नावे आळीपाळीने वापरल्यास, जतन होतानाच क्रॅश झाला तरी आधीची प्रत हाती राहते.

नंतरचे खेळ

मार्च २०१० मध्ये आलेल्या 'सुप्रीम कमांडर २' मध्ये प्रत्येक युनिटाची वाट वेगळी शोधण्याऐवजी संपूर्ण गटासाठी दिशांचे एक क्षेत्र आखण्याची पद्धत वापरली गेली. खिंडीतील कोंडी त्यामुळे बरीच निवळली. परंतु नकाशे लहान झाल्याने पहिल्या खेळाचे चाहते त्यावर पूर्णतः खूश झाले नाहीत. उबर एंटरटेनमेंटच्या 'प्लॅनेटरी अ‍ॅनिहिलेशन' (२०१४) या खेळाने लॉकस्टेपच सोडून दिले: युद्धाची गणना सर्व्हरवर होते आणि खेळाडूंच्या संगणकांना केवळ तिचे निकाल पाठवले जातात. एका खेळाडूच्या जुन्या प्रोसेसरमुळे सर्वांचा डाव थांबणे त्यात टळले. सर्व्हरवरील भार वाढला की मात्र युद्ध सर्वांसाठी एकदमच संथ होते.