चित्रकथी आणि चलच्चित्र

चित्रांची कथा कागदावर वाचावी कीं तीच पडद्यावर हलतांना पाहावी, हा वाद आजच्या तरुण पिढीनें जपानकडून उचलला, असें पुष्कळांस वाटतें. जपानी चित्रकथांच्या पुस्तकांस 'मांगा' आणि त्यांवरून काढलेल्या चलच्चित्रांस 'अ‍ॅनिमे' म्हणतात, हें आतां बीड जिल्ह्यांतील नेकनूरसारख्या आठवडी बाजाराच्या गांवींही शाळेंतल्या मुलांस समजावून द्यावें लागत नाहीं. अमुक मालिका मूळ पुस्तकांत सरस कीं पडद्यावर सरस, यावर त्यांची तासन्‌तास खडाजंगी चालते; आणि वडील मंडळी हें एक परदेशी खूळ समजून मान फिरवितात. मुलांस हा वाद नवा वाटतो, वडिलांस तो परका वाटतो. वस्तुतः तो नवाही नाहीं आणि परकाही नाहीं. महाराष्ट्रांत तो फार जुना आहे, आणि त्याचा इतिहास पाहिल्यास या दोन रूपांची तुलना कोणत्या मापानें करावी, हेंही कळून येतें.

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्याच कांठीं वरच्या अंगास पैठण आहे. चित्रें दाखवून पुराणकथा सांगणाऱ्या लोकांस आपल्याकडे चित्रकथी म्हणत. त्यांच्या एकोणिसाव्या शतकांतील चित्रांच्या एका ठळक संप्रदायास अभ्यासक 'पैठणी चित्रें' असें नांव देतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत त्यांचा मोठा संग्रह आहे. जाड व निःशंक रेषा, एका बाजूनें दाखविलेले चेहरे, त्यांत भरून राहिलेला टपोरा डोळा आणि भडक रंग, असा त्यांचा थाट. हीं चित्रें हातांत घेऊन बारकाईनें न्याहाळावयाचीं नव्हेत. दूर बसलेल्या श्रोत्यास एका दृष्टिक्षेपांत प्रसंग कळावा, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा होती. पुढचें काम सांगणाऱ्याचें.

तें काम कसें चालतें, हें पाहावयाचें तर कोंकणांत कुडाळजवळच्या पिंगुळी गांवीं जावें लागतें. तेथील ठाकर समाजानें ही कला सावंतवाडी संस्थानच्या आश्रयानें वाढविली आणि आजवर राखली. एका कथेचीं साधारणतः तीसचाळीस चित्रें मिळून एक पोथी होते. प्रत्येक चित्र सुमारें 12 इंच उंच व 16 इंच रुंद. दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटविलेले, म्हणजे दोन्ही अंगांस चित्र. निरूपणकार वीणा घेऊन बसतो. साथीस टाळ आणि हुडूक असतात. तो एक चित्र पुढें उभें करतो, पद म्हणतो, मग गद्यांत प्रसंग रंगवितो, आणि तें संपल्यावरच दुसरें चित्र येतें. कागदावर सीता एकच क्षण रथांत बसलेली असते. पण तो क्षण अर्धी घटका लांबवावयाचा कीं दोन वाक्यांत उरकावयाचा, हें तो समोरच्या मंडळींचे चेहरे पाहून ठरवितो. एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत जें घडतें, तें कागदावर कोठेंच नसतें. तें सांगणाऱ्याच्या वाणींत आणि ऐकणाऱ्याच्या मनांत घडतें.

याच ठाकरांच्या घरीं चामड्याच्या बाहुल्यांचा खेळही आहे. पातळ केलेल्या कातड्याच्या, कोरलेल्या व रंगविलेल्या आकृति पांढऱ्या पडद्यामागें धरावयाच्या आणि पाठीमागच्या दिव्यानें त्यांच्या छाया पडद्यावर नाचवावयाच्या. कथा तीच, रामायणाची. म्हणजे एकाच घरांत एकाच कथेचें स्थिर रूप आणि चल रूप पिढ्यान्‌पिढ्या शेजारीं शेजारीं नांदलें आहे. त्यांतलें एक मूळ आणि दुसरें त्याची नक्कल, असा उच्चनीच भाव तेथें आढळत नाहीं. युद्धास वेग हवा, तो छायेस साधतो. शोकास थांबणें हवें, तें चित्रास साधतें. आजच्या मुलांच्या वादांत जें नेमकें विसरलें जातें, तें या खेळांत सहज दिसतें: चित्र हलतें कीं नाहीं हा भेद वरवरचा असून, काळ कोणाच्या हातीं आहे हा भेद खरा आहे.

यंत्र आलें आणि हा काळ हळूहळू माणसाच्या हातून सुटत गेला. त्याचा पहिला टप्पा मोठा मनोवेधक आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनीं 1892 सालीं 'शांबरिक खरोलिका' या नांवानें जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. कांचेवर हातानें रंगविलेलीं लहान चित्रें प्रकाशाच्या साहाय्यानें पडद्यावर मोठीं दिसत. एकामागून एक कांचा सरकवून हालचालीचा भास उत्पन्न करीत. आणि त्याबरोबर निरूपण व संगीत चालूच असे. यंत्र होतें, पण कांच केव्हां सरकवावयाची हें अजून मनुष्यच ठरवीत होता. लुमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें मुंबईंत प्रथम दिसलीं तीं 7 जुलै 1896 रोजीं, म्हणजे त्यानंतर चार वर्षांनीं. दादासाहेब फाळके हे मूळचे चित्रमुद्रणाच्या धंद्यांतले. स्थिर चित्रापासून गति कशी निपजते, याचें त्यांस पुरें ज्ञान होतें. वाटाण्याच्या रोपाची वाढ एक एक चौकट टिपून त्यांनीं पडद्यावर दाखविली होती. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजीं मुंबईंत लोकांपुढें आला. पडद्यावरच्या पाट्या हें त्याचें निरूपण होतें. 1932 सालीं प्रभात कंपनीच्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटांत तोच हरिश्चंद्र स्वतः मराठी बोलूं लागला. त्या दिवसापासून पडद्याशेजारच्या सांगणाऱ्याची जागा कायमची गेली. बोलपटानें पुष्कळ दिलें. परंतु त्याचें मोल म्हणून ही एक वस्तु घेतली.

जपानांतही हेंच घडलें. तेथें मूकपटाशेजारीं उभा राहून कथा सांगणारा 'बेन्शी' असे. 1930 नंतरच्या दशकांत सायकलवर लांकडी चौकट बांधून गल्लोगल्लीं चित्रें दाखविणारे 'कामिशिबाई'वाले मुलांस क्रमशः गोष्टी सांगत आणि त्यांस मिठाई विकत. पिंगुळीच्या मनुष्यास हा धंदा परका वाटला नसता. पुढें ओसामु तेझुका यांची यंत्रमानव-बालकाची मांगा 'तेत्सुवान आतोमु' 1952 सालीं सुरू झाली, आणि 1 जानेवारी 1963 पासून ती दूरचित्रवाणीवर दर आठवड्यास दिसूं लागली. 1966 अखेर तिचे 193 भाग झाले. पडद्यावर एका सेकंदांत 24 चौकटी सरकतात. आठवड्याच्या आंत तितकीं चित्रें काढणें कोणासही परवडणारें नव्हतें. म्हणून एकच चित्र तीन तीन चौकटींस वापरणें, चेहरा स्थिर ठेवून ओठ तेवढे हलविणें, एकदां काढलेलीं चित्रें पुन्हां उपयोगांत आणणें, अशा युक्त्या निघाल्या; उरलेलें काम आवाजानें व संगीतानें केलें. काटकसरीच्या निमित्तानें स्थिर चित्र पडद्यावर परत आलें, आणि त्याच्यामागून वाणीही परत आली. अ‍ॅनिमेच्या ज्या खास शैलीचें आज कौतुक होतें, तिच्या मुळाशीं ही गरिबीची युक्ति आहे.

आमच्या आवडीची मांगा विचाराल तर केइजी नाकाझावा यांची 'हादाशी नो गेन', म्हणजे 'अनवाणी गेन'. 6 ऑगस्ट 1945 रोजीं हिरोशिमावर अणुबाँब पडला तेव्हां नाकाझावा सहा वर्षांचे होते. वडील, बहीण व धाकटा भाऊ त्यांनीं त्या दिवशीं गमावले. 1973 पासून त्यांनीं ती हकीकत चित्रांतून सांगितली, आणि 1983 सालीं तिच्यावरून चलच्चित्र निघालें. पुस्तकांत बाँबच्या आधींचे दिवस सावकाश जातात. घरांतील उपासमार, युद्धास विरोध करणाऱ्या बापाची शेजाऱ्यांकडून होणारी हेटाळणी, पोरांची दंगामस्ती, हें सारें पानोपानीं येतें. पुढची तारीख वाचकास ठाऊक असते, म्हणून तो पान उलटावयास कचरतो. हें कचरणें पडद्यास साधत नाहीं. उलट, बाँब पडतो त्या प्रसंगीं पुस्तकाचा वाचक नजर काढून घेऊं शकतो. पडद्यापुढच्या मनुष्यास ती मोकळीक नसते, आणि तेथें ती नसावी हेंच उचित आहे. म्हणून प्रेम पुस्तकावर असलें तरी त्या एका प्रसंगापुरता मान आम्ही पडद्यास देऊं.

आपल्या घरचें उदाहरण 'चिंटू'चें. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनीं 1991 सालीं 'सकाळ'मध्यें ही चित्रमालिका सुरू केली. 2012 सालीं तिच्यावरून चित्रपट झाला व हाडामांसाचा चिंटू पडद्यावर आला. वर्तमानपत्रांतल्या तीनचार चौकटींत चिंटूचा आवाज कोणीं ऐकला नव्हता. म्हणून प्रत्येक घरानें त्यास आपल्या पोराचा आवाज दिला. पडद्यावर त्यास एकच आवाज मिळाला. यांत चित्रपटकर्त्यांचा दोष नाहीं; तो त्या माध्यमाचा स्वभाव आहे. परंतु पूर्वीं चिंटूशीं बोलतांना वाचकाचा वांटा निम्मा होता, तो येथें कमी झाला, हें खरें.

तेव्हां मूळ पुस्तकांतील किती प्रसंग पडद्यावर आले, याची मोजदाद करून तुलना होत नसते. कथा सांगतांना पाहणाऱ्यासाठीं किती जागा मोकळी ठेवली, हें माप खरें. चांगलें पुस्तक ती जागा दोन चौकटींच्या मधें ठेवतें. चांगलें चलच्चित्र ती मौनांत, थांबलेल्या चेहऱ्यांत, न दाखविलेल्या गोष्टींत ठेवतें. जेथें ती जागाच नाहीं, तेथें लाखों चित्रें हलविलीं तरी व्यर्थ.

आणि यांतच आपली एक मोठी हानि दडलेली आहे. पैठणी चित्रें कांचेआड सुखरूप आहेत. पण त्यांच्या मधल्या रिकाम्या जागा ज्या वाणीनें भरल्या, ती वाणी त्यांच्याबरोबर जपली गेली नाहीं. पिंगुळींत ती अजून ऐकूं येते. तेथील परशुराम गंगावणे यांनीं आपल्या गुरांच्या गोठ्याचें संग्रहालय केलें, आणि 2021 सालीं सरकारनें त्यांस पद्मश्री देऊन गौरविलें. हा गौरव योग्यच; परंतु पोथ्यांइतकींच निरूपणें टिपून ठेवण्याची निकड आहे, कारण कागदास वाळवी लागली तरी कांहीं उरतें, कंठाचें तसें नाहीं. आणि घरांतलें मूल काल वाचलेल्या मांगाची गोष्ट हातवारे करून मराठींत सांगूं लागलें, तर वडील मंडळींनीं एवढेंच विचारावें, "बरें, मग पुढें काय झालें?" निरूपणकार घडतो तो ऐकणारा मिळाल्यानें.