सुरतेची पांजरपोळ आणि अकाली विस्मृती

सन १६८९ मध्ये इंग्रज जहाजावरचा पाद्री जॉन ओव्हिंग्टन सुरत बंदरात उतरला, तेव्हा जराजर्जर जनावरांसाठी वाण्यांनी चालविलेले रुग्णालय, म्हणजे पांजरपोळ, पाहून तो चकित झाला. आणि ढेकूण-पिसवांच्या भरणपोषणासाठी एखाद्या गरीब इसमास मजुरी देऊन रात्रभर खाटेवर निजवीत, चावे असह्य होऊन तो पळू नये म्हणून त्याला बांधूनही ठेवीत, असे त्याने नमूद केले आहे. पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर जेम्स फोर्ब्ज याने याच पांजरपोळीत ७५ वर्षे मुक्काम केलेले कासव पाहिले. जनावराच्या धन्याची जात येथे कोणी विचारीत नसे. मात्र दाखल झालेले जनावर परत मिळत नसे, आणि बरे झाल्यास त्याने अशक्त सोबत्यांसाठी पाणी ओढावे, असा दस्तूर होता. गुजरातेत अशा संस्थांच्या खर्चाची तजवीज महाजन व्यापारावर लागा (उपकर) बसवून करीत. या भूतदयेचे कौतुक पुष्कळ झाले (थट्टाही कमी झाली नाही). मला तिच्यातील हिशेबी शहाणपण अधिक मोलाचे वाटते, कारण सेवेला पैसा लागतो आणि रात्र जागवणाऱ्यास मजुरी द्यावी लागते, हे त्या व्यापाऱ्यांनी जाणले होते.

मनुष्याची बुद्धी अकाली क्षीण झाली तर मात्र तरतूद निराळी. १८५८ च्या कायद्याने भटक्या वा धोकादायक वेड्यास मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाने इस्पितळात धाडता येई, आणि अहमदाबादेस १८६३ मध्ये तसे इस्पितळ निघालेही. पण जो कोणास मारीत नाही, केवळ विसरतो, तो घरच्यांच्याच पदरी राहिला. जर्मनीत इस्पितळ मिळाले तरी भार घरच्यांवरच होता: १९०१ मध्ये ५१ वर्षांची ऑगुस्ट डेटर फ्रँकफुर्टच्या इस्पितळात आली, तिच्याच रोगाला पुढे डॉक्टर अल्झायमरचे नाव मिळाले, पण तिच्या रेल्वे-कारकून नवऱ्याला खर्चाच्या विवंचनेने ग्रासले होते, हे सहसा कोणी सांगत नाही.

आजच्या सुरतेत, लिंबायत-उधन्याच्या खानदेशी वस्तीत, पन्नाशीचा कारागीर मागावर तुटलेला धागा सांधताना अडखळू लागला, तर मुकादमास प्रथम दारूचाच संशय यावा. रोजगार सुटतो, मुलांच्या शाळा चालूच असतात. बायको साड्यांना खडे चिकटवीत एक डोळा दारावर ठेवते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात ज्येष्ठत्व साठीपासून धरले जाते, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने हा इसम अद्याप तरुणच.