पुसता येणारी चिप

संगणकाचं बटण दाबल्यावर विंडोज किंवा लिनक्स सुरू होण्याआधी एक छोटा प्रोग्रॅम चालतो. मेमरी, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत ना हे बघून तो कारभार पुढे सोपवतो. हा प्रोग्रॅम डिस्कवर नसतो, मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये असतो. त्याला आपण 'बायोस' म्हणतो. हे नाव गॅरी किल्डल यांनी १९७५च्या सुमारास त्यांच्या सीपी/एम या प्रणालीतल्या एका भागाला दिलं होतं.

१९८१च्या आयबीएम पीसीचं बायोस फक्त ८ किलोबाइटचं होतं आणि ते संगणकाला स्वतःहून बदलता येत नसे. सुरुवातीच्या काही पीसींना हार्ड डिस्क जोडायची तर ऑक्टोबर १९८२चं बायोस लागायचं. मग खोका उघडा, जुनी चिप काढा, नवी बसवा. मला यातली एक गोष्ट मोलाची वाटते: काढलेली चिप डबीत ठेवली की झाला बॅकअप!

त्याआधीच, १९७१ साली, इंटेलच्या डोव्ह फ्रोमन यांनी ईप्रॉम आणली होती. तिच्यावरच्या छोट्या पारदर्शक खिडकीतून अतिनील प्रकाश सोडला की मजकूर पुसला जाई. पण त्यासाठीही चिप बाहेर काढावी लागे. १९८४ साली तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरी जगापुढे मांडली. ती विजेनेच पुसता येते, तीही जागच्या जागी. नव्वदच्या दशकात ती मदरबोर्डवर आली आणि अपडेट म्हणजे एक फाइल चालवणं इतकं सोपं झालं.

पण जे मालकाला पुसता येतं, ते इतरांनाही पुसता येतं. तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने १९९८मध्ये सीआयएच व्हायरस लिहिला. २६ एप्रिल १९९९ रोजी त्याने विंडोज ९५ आणि ९८ असलेल्या संगणकांच्या डिस्कवरचा सुरुवातीचा भाग पुसला आणि काही मदरबोर्डांवरचं बायोसही बिघडवलं. असे संगणक सुरूच होईनात. दुरुस्तीचा प्रोग्रॅम चालवायचा तरी कशावर?

गिगाबाइटने एकाच मदरबोर्डवर दोन बायोस चिप दिल्या: एक बिघडली तर दुसरी. आज अनेक मदरबोर्ड अपडेटच्या फाइलवरची डिजिटल सही तपासूनच ती स्वीकारतात. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनमध्येही बहुधा प्रणालीचे दोन कप्पे असतात. अपडेट एकात होतं, दुसरा शाबूत राहतो.

तरी मी अपडेट करताना काही पथ्यं पाळतोच. आधी सगळ्या सेटिंग्जचे फोनवर फोटो काढतो. बोर्डावर छापलेला मॉडेल आणि रिव्हिजन क्रमांक अक्षर न् अक्षर जुळवतो. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की वेगळी लिहून ठेवतो. चालू आवृत्तीची फाइलही उतरवून घेतो. बोर्डात बायोस सेव्ह करण्याची सोय असेल तर ती प्रत पेनड्राइव्हवर घेतो, कारण अनेकदा सीरियल नंबर, नेटवर्कचा पत्ता अशा त्या एकाच यंत्राच्या गोष्टीही चिपमध्ये असतात. कंपनीच्या फाइलमध्ये त्या मिळत नाहीत. वीज जाण्याचा भरवसा नसेल तर यूपीएस लावतो. आणि अपडेटमुळे सुरक्षेतली त्रुटी किंवा खरी अडचण दूर होणार नसेल, तर चिपला हात लावत नाही.

जुनी चिप आता डबीत ठेवता येत नाही. नवं लिहिलं की जुनं त्याच जागी पुसलं जातं. म्हणून तो पेनड्राइव्ह मी संगणकाला लावून ठेवत नाही, कपाटात ठेवतो.