लाव्हाच्या पायऱ्या आणि सायकलचे चाक : कोकणातून केडगावपर्यंत

आज धडधाकट सायकलस्वार मुंबईहून निघून दोन दिवसांत अहिल्यानगरच्या वेशीवरील केडगाव गाठू शकतो. सव्वादोनशे वर्षांपूर्वी याच वाटेने भरलेली बैलगाडी सह्याद्रीवर चढवणेही अशक्यप्राय होते. मधल्या काळात डोंगर बदलला नाही, रस्ता बदलला. तो कोणी बदलला, याचा हा धांडोळा.

आधी एक खुलासा. केडगाव म्हटले की अनेकांना पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आठवते. ते केडगाव पुणे जिल्ह्यातील दौंड तालुक्यात आहे. येथे अभिप्रेत असलेले केडगाव नगर शहराला पुणे रस्त्यावर लागून असलेले, रेणुकामातेच्या मंदिरासाठी परिचित असलेले आणि आता महानगरपालिकेच्या हद्दीत सामावलेले आहे.

या वाटेखालचा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. येथे शंकूसारखा एखादा ज्वालामुखी पर्वत उभा नव्हता. भूकवचाच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला, दूरवर पसरला, थिजला आणि त्यावर पुढचा थर चढला. आज उरलेले त्याचे क्षेत्र सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. भूशास्त्रज्ञ त्याला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. यातील ‘ट्रॅप’चा सापळ्याशी काही संबंध नाही, जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून ते नाव आले. आपल्याकडेही नदीकाठच्या पायऱ्यांना घाट म्हणतात आणि डोंगरातील वाटेलाही घाटच म्हणतात. दोन दूरच्या भाषांनी एकाच भूरूपात पायऱ्या पाहाव्यात, हा योगायोग मोठा बोलका आहे.

पायऱ्या का पडल्या? सगळे थर सारखे कठीण नाहीत. घट्ट, काळा बेसाल्ट झिजता झिजत नाही, त्याचा उभा कडा उरतो. वायूंच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला थर लवकर कुजतो, त्याचा उतार किंवा सपाटी होते. कडा, सपाटी, पुन्हा कडा. किल्ल्यांच्या माच्या आणि बालेकिल्ले याच रचनेवर बसले. स्वराज्याला जी रचना लाभली, तीच चाकाला मात्र आडवी आली.

म्हणून सह्याद्रीतला जुना व्यापार चाकांवर चाललाच नाही. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे, जकातीसाठी वापरला जात असे असे परंपरा सांगते तो दगडी रांजणही आहे. जगाशी व्यापार करणारी ही वाट अरुंद आणि दगडी पायऱ्यांची आहे. तिच्यावरून माल गेला तो बैलांच्या पाठीवरून आणि माणसांच्या डोक्यावरून. लमाणांचे तांडे याच पद्धतीने शतकानुशतके मीठ वर नेत आणि धान्य खाली आणत.

घाट चढून देशावर आले म्हणजे चाक सुटले, असेही नव्हते. बेसाल्ट कुजून काळी माती होते. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पावसाळ्यात चाक गिळते. ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव करणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, शिंद्यांच्या ताब्यातील नगरचा किल्ला घेण्यासाठी शहराच्या दक्षिणेला वाळकी येथे तळ देऊन होता. नगर अवघ्या काही मैलांवर. तरीही युद्ध पुकारल्यानंतर पावसाने रस्ता असा नासवला की सैन्य जागेवरच खिळले. उघडीप मिळाल्यावर ते ८ ऑगस्टला निघाले, त्याच दिवशी पेठ पडली आणि १२ तारखेला किल्ला. वेलस्लीच्या पत्रव्यवहारात तोफांइतकीच चर्चा तोफा ओढणाऱ्या बैलांची आहे. दख्खनमध्ये लढाईचा वेग बैल आणि चिखल ठरवत, हे त्याला पक्के ठाऊक होते.

त्यामुळेच १८०४ मध्ये खंडाळ्यापासून पनवेलकडे तोफा नेण्याजोगा रस्ता त्याने करवून घेतला. बोरघाटाचा पक्का गाडीरस्ता मात्र नोव्हेंबर १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत खुला झाला. यातील खरी युक्ती चढाच्या मापात होती. पायवाट कड्याला सरळ भिडते. गाडीरस्ता वळणे घेत लांब होतो आणि चढ सौम्य करतो. भार ओढणाऱ्या बैलाचा दम लक्षात घेऊन आखलेला चढ पुढे सायकलस्वाराच्या पायांनाही मानवला. तो घाट आखणाऱ्यांनी सायकल पाहिलीही नव्हती. आजच्या घडणीची सायकल त्यानंतर पंचावन्न वर्षांनी, १८८५ मध्ये, इंग्लंडमध्ये अवतरली आणि हवा भरलेला टायर १८८८ मध्ये.

सायकलवरून जग पाहणारे आरंभीचे काही परदेशी प्रवासी दख्खनकडे फिरकले नाहीत. उंच चाकाच्या सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा थॉमस स्टीव्हन्स १८८६ मध्ये लाहोरहून कलकत्त्याला गेला तो ग्रँड ट्रंक रोडने. दहा वर्षांनी निघालेल्या फ्रेझर, लन आणि लो या त्रिकुटानेही उत्तरेचे मैदानच पसंत केले. मुंबईचे उत्तर येण्यास १९२३ उजाडावे लागले. १५ ऑक्टोबर रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१ हजार किलोमीटरची फेरी पुरी करून १८ मार्च १९२८ रोजी परतले. या पराक्रमावर स्वतंत्रच लिहायला हवे.

आता मूळ प्रश्नाकडे. घाट झाला, पण घाटमाथ्यापासून नगरपर्यंतची काळी माती चाकायोग्य कशी झाली?

उत्तर खडीत आहे. ज्या काळ्या फत्तराने चाक अडवले, तोच फोडला की रस्त्यासाठी उत्तम खडी मिळते आणि तोच कुजून झालेला मुरूम खडीवर पसरून दाबला की रस्ता बसतो. सगळे साहित्य पायाखालीच होते. हवे होते ते हात, आणि ते दुष्काळाने पुरवले.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने नगर जिल्हा होरपळला. सरकारने मदत दिली ती कामाच्या बदल्यात : रस्ते, तळी, खडी फोडणे, मातीकाम. १८७८ मध्ये सुरू झालेल्या दौंड–मनमाड लोहमार्गाचे मातीकामही दुष्काळी काम म्हणूनच झाले. नगरला रेल्वे आली ती अशी. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपलच्या धोरणानुसार मजुरीची पातळी इतकी खाली आणली गेली की कष्टकऱ्याच्या वाट्याला दिवसाला जेमतेम एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम धान्य येई. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामे सोडून त्याला विरोध केला आणि पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. दिवसभर दगड फोडणाऱ्याने उपाशी राहायचे की हातोडा खाली ठेवायचा, एवढाच पर्याय त्यांच्यापुढे होता. आपल्या इतिहासलेखनात माल्कमचे नाव राहिले. या मजुरांचे एकही नाही. ही उणीव अनवधानाची मानता येत नाही.

१९७२ च्या दुष्काळात तेच चित्र पुन्हा दिसले. नगर जिल्ह्यातील गावेच्या गावे, स्त्रियांसह, खडी फोडायला बसली. त्या अनुभवातून राज्याची रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. जुन्या माणसांच्या तोंडी ‘बहात्तरचा रस्ता’ हा शब्द आजही येतो.

आज सायकलवरून केडगावला येण्याच्या वाटा दोन. पहिली बोरघाटातून पुण्यास आणि तेथून सुमारे १२० किलोमीटर. या वाटेवरील घाटाला स्पर्धकांनी वेगळीच प्रतिष्ठा दिली : १९४५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई–पुणे सायकल शर्यतीत घाट सर्वांत आधी चढणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो. पुण्यापुढे मात्र नवख्याची फसगत होते. दख्खनचे पठार पूर्वेकडे उतरते, असे भूगोलाचे पुस्तक सांगते. प्रत्यक्षात नगर पुण्यापेक्षा उंचावर आहे, कारण भीमा आणि गोदावरी यांच्यामधील जलविभाजक उंचवटा त्याच्या शेजारीच आहे. कोरेगावला भीमा, शिरूरला घोडनदी ओलांडली की सुप्याकडे चढ सुरू होतो. मग कामरगावचा छोटा घाट, चास, आणि केडगाव.

दुसरी वाट कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाची. तिच्यात लाव्हाच्या पायऱ्या अधिक स्वच्छ दिसतात. पावसाळ्यात प्रत्येक कड्यावरून पाणी कोसळत असते. वर ओतूर, आळेफाटा, मग पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वर, जेथे याच थरांत कोरलेली प्राचीन लेणी आहेत. पुढे भाळवणी ओलांडली की रस्ता नगरला भिडतो आणि केडगाव उजव्या हाताला राहते. रस्ता उत्तम आहे. रस्त्याकडेला टेकण्यापूर्वी मात्र जमीन पाहून घ्यावी, कारण या भागात पंक्चर काढताना टायरमधून निघतो तो बहुधा बाभळीचा काटा किंवा सराटा.