बत्तीस अंशांचा उंबरठा

अमोनियम नायट्रेट हा क्षार शेतकऱ्याला खत म्हणून आणि खाणकामगाराला सुरुंगाचे द्रव्य म्हणून ठाऊक असतो. पदार्थवैज्ञानिकांना त्याची आणखी एक खोड माहीत आहे. सुमारे ३२ अंश सेल्सियसला त्याची स्फटिकरचना बदलते आणि आकारमान तीन-चार टक्क्यांनी वाढते; तापमान उतरले की स्फटिक पुन्हा आकसतो. मुंबई, कोची किंवा चेन्नईत उन्हात उभी असलेली मोटार हा उंबरठा वर्षातील बहुतेक दिवशी एकदा चढते आणि एकदा उतरते.

ताकाता ही जपानी कंपनी १९३३ साली कापडउद्योगातून सुरू झाली, पुढे आसनपट्ट्यांकडे आणि तेथून एअरबॅगकडे वळली. टक्कर झाल्यावर साधारण ३० मिलिसेकंदांत पिशवी फुगली पाहिजे, म्हणून वायू साठवण्याऐवजी तो धातूच्या छोट्या डबीत, म्हणजे इन्फ्लेटरमध्ये, घन इंधन जाळून निर्माण केला जातो. हे इंधन आधी विषारी सोडियम अझाइड होते, नंतर टेट्राझोल वर्गातील संयुगे आली. २००० सालाच्या सुमारास ताकाताने स्वस्त अमोनियम नायट्रेट स्वीकारले. प्रतिस्पर्धी त्यापासून दूर राहिले होते, यावरून त्यातील धोका अज्ञात नव्हता हे उघड आहे. स्फटिकरचना स्थिर राहावी म्हणून त्यात पोटॅशियम नायट्रेट मिसळले गेले. मात्र हा क्षार हवेतील ओलावाही अधाशीपणे शोषतो, आणि असंख्य इन्फ्लेटरमध्ये तो टिपून घेणारे शोषक द्रव्य नव्हतेच.

ओलावा आणि रोजचे तापमानचक्र यांनी दाबून घडवलेल्या इंधनाच्या वड्या वर्षानुवर्षे सच्छिद्र होत जातात. घन इंधन पृष्ठभागावरून जळते. भेगा आणि छिद्रे वाढली की जळणारे क्षेत्रफळ वाढते, वायू अधिक वेगाने निर्माण होतो, दाब चढतो आणि चढलेला दाब ज्वलनाचा वेग आणखी वाढवतो. डबीला हा दाब पेलवत नाही. ती फुटते आणि तिचे तुकडे पिशवी फाडून समोर बसलेल्या माणसावर येतात. २०१४ मध्ये फ्लोरिडातील एका अपघातानंतर मानेवरील जखमा पाहून तपास अधिकाऱ्यांना प्रथम खुनाचा संशय आला होता.

पहिली घटना २००४ सालची, अलाबामातील. होंडाने पहिल्यांदा मोटारी परत बोलावल्या त्या २००८ मध्ये, आणि त्याही जेमतेम चार हजार. एका कारखान्यातील उत्पादनदोष, एक ठराविक तुकडी, मग आणखी एक तुकडी, असा खुलासा अनेक वर्षे चालला. ताकाताने सदोष घटकाची कबुली दिली तेव्हा २०१५ चा मे उजाडला होता. चाचण्यांची आकडेवारी बदलून ग्राहक कंपन्यांची फसवणूक केल्याचा गुन्हा तिने २०१७ मध्ये मान्य केला आणि त्याच वर्षी दिवाळखोरी जाहीर केली. एकट्या अमेरिकेत सुमारे ६.७ कोटी इन्फ्लेटर परत बोलावले गेले.

परत बोलावणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, हे मोटारमालकांना लवकरच कळले. पत्र येई, सुटा भाग मात्र उपलब्ध नसे. टोयोटाने अमेरिकेतील काही दमट भागांत सुटे भाग मिळेपर्यंत पुढच्या प्रवाशाची एअरबॅग बंद करून त्या आसनावर कोणी बसू नये अशी सूचना लावली. काही मोटारींत जुन्या इन्फ्लेटरच्या जागी त्याच रसायनाचा नवा इन्फ्लेटर बसवला गेला, जो पुढे पुन्हा बदलावा लागणार होता. २००१ ते २००३ मधील काही होंडा मोटारींत एअरबॅग उघडल्यास इन्फ्लेटर फुटण्याची शक्यता ५० टक्क्यांपर्यंत असल्याचे अमेरिकी नियामकांनी २०१६ मध्ये जाहीर केले; त्या मोटारी तोवर रस्त्यावर धावतच होत्या.

भारतात होंडाने जुलै २०१६ मध्ये सुमारे १.९ लाख, जानेवारी २०१७ मध्ये ४१,५८० आणि जानेवारी २०१८ मध्ये २२,८३४ मोटारी याच कारणाने परत बोलावल्या. हे सारे ऐच्छिक होते, कारण सक्तीचा कायदाच नव्हता. तो अधिकार सरकारला मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ ने दिला आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. ठराविक प्रमाणात मालकांच्या तक्रारी आल्यास सरकार आता आदेश देऊ शकते. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, टकरीत एअरबॅग न उघडलेल्या ह्युंदाई क्रेटाच्या मालकाची भरपाई कायम ठेवताना, वेग आणि बल यांची गणिते मांडणारा भौतिकीतज्ज्ञ होण्याची अपेक्षा ग्राहकाकडून करता येत नाही, असेही म्हटले.

तरीही एका आकड्यापाशी थांबावे लागते. सक्तीचे नियम सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांसाठी आहेत. अमेरिकी नियामकांच्या अंदाजानुसार उष्ण, दमट प्रदेशात हे इंधन धोकादायक होण्यास सहा ते नऊ वर्षे लागतात. स्फटिक धोक्याच्या वयात शिरतो नेमका तेव्हाच कायद्याचा हात सुटतो. अशा वयाची मोटार बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडे असते आणि कंपनीचे पत्र पहिल्याच्या पत्त्यावर गेलेले असते. होंडाच्या भारतातील संकेतस्थळावर सतरा अक्षरांकी चेसिस क्रमांक टाकून आपल्या मोटारीचा इन्फ्लेटर बदलायचा आहे का हे पाहता येते. हा क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रावर छापलेला असतो.